बातमीदाराची उपकरणं

'उपकरण' हा शब्द आपल्या घराला नवीन नाही. दिगंबर मुनींजवळ तीनच वस्तू असतात. पिंछी हे संयमाचं उपकरण, कमंडलू हे शौचाचं आणि शास्त्र हे ज्ञानाचं. बस्तीत आईचं बोट धरून जाणाऱ्या मुलीलाही हे ठाऊक असतं. बातमीदाराच्या झोळीत मात्र पूर्वी बरंच काही असायचं. वही, पेन, कॅमेरा, पुढे टेपरेकॉर्डर. शिवाय कचेरीत फोन, तारेची सोय, टाइपरायटर आणि मागच्या खोलीत छापखाना. आज हे सगळं एका मोबाइलमध्ये मावतं. आमच्या खडेबाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर मोबाइलच्या वस्तू मिळतात, कॉलरला लावायचा माईक काय, फोन उभा करायचा स्टँड काय. पत्रकार घेतो तेच आपली कॉलेजातली मुलगीही घेते.

आपण बायका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी विचारतो, यात काय घातलंय? बिस्किटाचा पुडा असो की औषधाची कॅप्सूल, जिलेटिन आहे का ते बघितल्याशिवाय घरात येत नाही. हाच प्रश्न मी बातमीच्या उपकरणांना विचारून बघितला. तेव्हा लक्षात आलं की आपल्या आधीच्या लोकांनीही तो विचारला होता, आणि चांगला कडकपणे विचारला होता.

छपाईच्या आधी शब्द पोचवायचं साधन म्हणजे ताडपत्र आणि त्यावर अक्षरं कोरायची लोखंडी लेखणी. दहाव्या शतकाच्या शेवटी होऊन गेलेली दानचिंतामणी अत्तिमब्बे आपल्या कर्नाटकातलीच. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असं सांगतात. एकेक पान हाताने कोरायचं, अशा त्या हजार प्रती! शास्त्रदान म्हणजे काय हे एका बाईने दाखवून दिलं. मला तर ती आपल्याकडची पहिली मोठी प्रकाशक वाटते.

मग छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापलं. शाईत जनावराची चरबी असते म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं, असं सांगितलं जातं. शंका उगीच नव्हती. दगडावर लिहायच्या शाईत चरबी खरोखरच असायची.

आपल्या समाजातही शास्त्र छापायला मोठा विरोध झाला. शाई कशाची, बांधणीचा सरस कशाचा, छापलेली पानं उद्या पायदळी आली तर काय, असे प्रश्न होते. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' मासिक काढलं ते अशा वातावरणात. मूडबिद्रीला ताडपत्रावर जपलेला षट्खंडागम शतकानुशतकं फक्त दर्शनापुरता उरला होता. त्याची नक्कल करून घ्यायलाच कितीतरी वर्षं गेली. अखेर प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून छापून निघाला आणि पुढे सोळा भाग पूर्ण झाले. आज तो आपल्या स्वाध्यायाच्या चौरंगावर येतो, तो कुणीतरी विरोध सोसून छापला म्हणून.

निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनाही या ठेव्याची काळजी होती. कागद कसरीने खाल्ला, ताडपत्र झिजलं तर? त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि फलटणला जपले गेले. एकीकडे छपाई, दुसरीकडे तांबं. जुनं साधन जपत नवं हाती घ्यायचं, असं दोन्ही झालं.

याच सुमारास आपल्या सीमाभागात वर्तमानपत्रं मूळ धरत होती. बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केला. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ साली जन्मलेल्या दक्षिण भारत जैन सभेचं 'प्रगती आणि जिनविजय' घरोघरी जाऊ लागलं. अशी पत्रं निघायची ती शिशाच्या खिळ्यांवर. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे खिळे जुळारी एकेक करून उलटे जुळवायचा. शाई बहुधा जवसाचं तेल आणि काजळी यांची, म्हणजे ती आपल्याला चालणारी. पण ती खिळ्यांवर फिरवायचा जो रूळ होता तो सरस आणि काकवी एकत्र शिजवून ओतलेला असायचा. सरस म्हणजे जनावराचं कातडं आणि हाडं. उन्हाळ्यात हे रूळ मऊ पडायचे. शिसं आयुष्यभर हाताळून जुळाऱ्याच्या अंगात भिनायचं ते वेगळंच. त्याच्या हाताची काळजी कुठल्याही धर्मसभेत झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट तर ऐकून थक्क व्हाल. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर द्यायची युक्ती काढली. तिथून पुढे फिल्मचा प्रत्येक रोळ जिलेटिनवरच चालला. कोडॅकच्या संशोधकांना १९२० च्या दशकात आणखी एक गंमत कळली. जिलेटिनमध्ये गंधकाचा थोडा अंश असला तर फिल्म उजेड चांगला टिपते, आणि तो अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या पाल्यातून आलेला असतो! म्हणजे १९८१ साली श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली, इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं वाहिली, तो महामस्तकाभिषेक आपण फोटोत बघितला तो याच थरावर. आपल्या लग्नांचे अल्बमही त्यातलेच. ज्या घरात जेली शिजली नाही त्या घरात जिलेटिन भिंतीवर चौकटीत टांगलेलं होतं, कुणाला कळलंच नाही.

आवाज पोचवायच्या साधनाचाही वाद झाला. वीज म्हणजे सचित्त अग्नी की अचित्त, यावरून स्थानकवासी परंपरेत माईकचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. आणि तरी १९५५ सालच्या सप्टेंबरात, कुंथलगिरीवर शांतिसागर महाराजांची सल्लेखना चालू असताना, त्यांचा शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित करून घेतला गेला. तो मराठीत आहे. आठवड्यांच्या उपवासाने क्षीण झालेला तो आवाज आज आपण ऐकू शकतो. बातमीदाराच्या झोळीतलं यंत्र अशा वेळी ज्ञानोपकरण झालं.

आता मोबाइल. फिल्म गेली, रूळ गेला, खिळे गेले. वरवर बघितलं तर हे उपकरण सगळ्यांत शुद्ध. पण त्याच्या बॅटरीत बहुतेक वेळा कोबाल्ट असतं आणि जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं. तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली अहवाल काढून जगापुढे मांडलं. जुळाऱ्याचे हात निदान आपल्याच गावात होते. ही मुलं आपल्याला कधीच दिसणार नाहीत. म्हणून चालता फोन दरवर्षी बदलू नये, दुरुस्त करून वापरावा, एवढं तर परिग्रहपरिमाण व्रत आपल्याला सांगतंच.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. छापखान्यात बातमी जायची तेव्हा मध्ये संपादक होता, मुद्रितं तपासणारा होता. आता वही, कॅमेरा, तार आणि छापखाना आपल्या हातात आला, पण मधली ती माणसं आली नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी निरपराध माणसं ती. अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. जुलै २०२३ मध्ये आपल्या चिक्कोडी तालुक्यातल्या हिरेकोडीला आचार्य कामकुमारनंदी महाराजांची हत्या झाली. ते दुःख अजून ओलं आहे. त्या दिवसांत माझ्या फोनवरही पोलिसांच्या आधी कारणं आली, तर्क आले, कुणाकुणाकडे दाखवलेली बोटं आली. पाठवणाऱ्या सगळ्या आपल्याच, पाणी गाळून पिणाऱ्या. राग खरा होता, पण लिहिलेलं कुणी तपासलेलं नव्हतं.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. त्यात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितलेत. मिथ्योपदेश म्हणजे चुकीच्या वाटेला लावणारं सांगणं. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचं खाजगी उघड करणं. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणं. मोबाइलच्या कितीतरी शतकं आधी हे लिहिलं गेलं, आणि बघा, आपल्या ग्रुपवर दिवसभरात येणाऱ्या निरोपांतले किती या तिघांत बसतात! पत्रकारितेच्या वर्गात याहून वेगळं काय शिकवत असतील?

आपल्या पूर्वजांनी शाईला प्रश्न विचारले, सरसाला विचारले, विजेलाही विचारले. थोडा वेळ गेला, वादही झाले, पण विचारल्याशिवाय साधन हातात घेतलं नाही. आपण पाणी गाळतो ते घाईत असलो तरी गाळतो, पाहुणे दारात असले तरी गाळतो. आलेला निरोपही तसाच धरायचा. हे कुणी लिहिलंय, कधीचं आहे, कुणाचं नाव यात खराब होतंय, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. उत्तर मिळालं नाही तर तो निरोप आपल्याच फोनमध्ये राहू द्यावा. मंडळाच्या ग्रुपवर कुणी विचारलं, तुम्ही पुढे का नाही पाठवलं, तर सांगावं, अजून गाळायचं आहे.