उष्णतेचा बंदोबस्त

गेल्या वैशाखात, नागपुरात भर दुपारी पारा पंचेचाळीस अंशांना टेकलेला असताना, माझ्या भाच्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून खास खेळांसाठी बांधलेला एक नवा लॅपटॉप घरी आणला; आणि त्यावर पहिला खेळ सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नसतील, तोच त्या दोन बोटे जाडीच्या पेटीतून अशी घरघर सुरू झाली की शेजारच्या खोलीत निजलेली त्याची आजी उठून बसली. कळफलकाच्या वरची पट्टी हात ठेववणार नाही इतकी तापली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा ९५ अंशांवर जाऊन थांबला होता. “मामा, नवं कोरं यंत्र पहिल्याच दिवशी असं तापतंय, परत करू का?” असे त्याने विचारले, तेव्हा त्याच्या मुद्रेवरची चिंता खरी होती, आणि तिला खरे उत्तर द्यावयाचे तर गणकयंत्रांच्या जन्मापासूनचे दप्तर उलगडणे मला भाग होते.

यंत्रात शिरलेली वीज गणिताच्या उत्तरात कोठे मुरून जात नाही. ती जवळजवळ सारीच्या सारी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तिला वाट करून देण्याची तजवीज यंत्र बांधणाऱ्यालाच करावी लागते, हे पहिल्या पिढीच्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेले एनियाक हे यंत्र १९४६ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आले, तेव्हा त्यात अठरा हजारांच्या घरात निर्वात नळ्या, म्हणजे रेडिओवाले ज्यांना व्हॉल्व्ह म्हणत त्या, एकाच वेळी तापत असत. त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे, म्हणजे एक किलोवॅटच्या दीडशे विजेच्या शेगड्या एकाच दालनात पेटवून ठेवाव्यात तसा तो प्रकार होता. म्हणून त्याच्या कपाटांतून मोठाले पंखे सतत वारा खेळवीत, आणि एखाद्या कपाटातील उष्णता मर्यादेबाहेर गेली तर वीज आपोआप तोडणारी योजनाही तेथे केलेली होती. भाच्याच्या लॅपटॉपमधली चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की आपला वेग स्वतःहून उतरवते, ती याच जुन्या चौकीपहाऱ्याची वारस होय.

आपल्या मुलखातही ही उष्णता फार उशिरा आली असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्याभोवती जमलेल्या तरुणांनी, ज्यांतील बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी कधी हाताळलेही नव्हते, सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे एक गणकयंत्र स्वतः रचले. ते १९६० साली कामास लागले आणि १९६२ मध्ये, संस्थेच्या कुलाब्यातील नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. समुद्राच्या दमट हवेत, भोवतालच पुरेसा तापलेला असताना, हजारो तापलेल्या नळ्यांकडून अचूक हिशेब करून घेणाऱ्या त्या मंडळींविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

मग १९४७ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरने नळ्यांचा अंमल संपवला, आणि उष्णतेचा प्रश्न आता निकालात निघाला असे वाटण्याजोगी परिस्थिती आली. १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकाच त्याचा विद्युतदाबही उतरवला, तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक ट्रान्झिस्टर दाटीने बसवूनही त्या जागेची उष्णता वाढत नाही. साऱ्या उद्योगाला मिळालेली ही जणू सनदच होती, आणि ती सुमारे तीस वर्षे चालली. पण दाब एका मर्यादेखाली उतरेना, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही वीज झिरपू लागली, आणि २००४ च्या मे महिन्यात इंटेलने तेजस नावाची आपली पुढची चिप उष्णतेपायी अर्ध्यावर सोडून एकाच चिपवर अनेक गाभे बसवण्याची वाट धरली. आज आपण वापरतो ती सारी यंत्रे या सनदेच्या मुदतीनंतरची आहेत, आणि ती तापतात याचे मूळ कारण हेच आहे.

उष्णता वाहून नेण्याच्या कलेत मला सर्वांत मोह पडतो तो उष्णतानलिकेचा. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली तिला प्रत्यक्षात आणले. तिची मूळ कल्पना जनरल मोटर्समधील एका अभियंत्याने वीस वर्षांपूर्वीच पेटंटात नोंदवून ठेवली होती, पण ती तशीच पडून राहिली होती. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली, थोडेसे पाणी, आणि आतल्या भिंतीला वातीसारखे सच्छिद्र अस्तर: तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी अस्तरातून मूळ जागी परतते. ना पंप, ना एखादा हलणारा भाग. त्याच लॉस अलामॉसला १९७६ मध्ये सेमूर क्रे यांचे क्रे-१ हे महागणक बसवले गेले, ज्याच्या ११५ किलोवॅट उष्णतेसाठी शीतकपाटाप्रमाणे फ्रिऑन खेळवावा लागे. त्या प्रचंड यंत्राची शीतकरणाची रीत कोणाच्या घरी आली नाही, पण ती लहानशी नळी मात्र आज जवळजवळ प्रत्येक खेळाच्या लॅपटॉपच्या पोटात आहे.

मांडीवर घेण्याजोग्या यंत्रांची कैफियत निराळी. १९८२ च्या ग्रिड कंपासला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच होते आणि आतली उष्णता त्या कवचातूनच बाहेर जाई. १९९३ ची इंटेलची पेंटियम ही चिप मात्र पंधरा वॅटच्या आसपास उष्णता ओकू लागली आणि पंखा हा घरगुती गणकयंत्राचा नित्याचा भाग झाला. आज खेळाच्या लॅपटॉपमधील दोन मुख्य चिपा मिळून दीडशे वॅटच्याही पुढे जातात, आणि ही सारी उष्णता दोन चपट्या पंख्यांनी चार अरुंद फटींतून बाहेर फेकावयाची असते. पंख्याची गती दुप्पट केली तर वाराही साधारण दुप्पट होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलांनी चढतो. लहान पंख्याला जोरात फिरावेच लागते, म्हणून पेटी जितकी पातळ तितकी ओरड अधिक. २०१७ मध्ये एनव्हिडियाने मॅक्स-क्यू या नावाने चिपचा वेग थोडा उतरवून आवाज ४० डेसिबलांच्या आत ठेवण्याची योजना काढली, ती मला या व्यवसायातील फार समंजस तडजोड वाटते. एनियाकचे पंखे एका स्वतंत्र दालनात घोंघावत आणि ते ऐकणे हे तेथील माणसांच्या कामाचाच भाग असे. आता तेच काम निजलेल्या माणसापासून दहा हातांवर चालते, एवढा फरक पडला आहे.

भाच्याला मी यंत्र परत करू दिले नाही. कोणताही पंखा चिपला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही, म्हणून जे यंत्र पौषात ८० अंशांवर राहील ते वैशाखात ९५ वर जाणारच, हे त्याला प्रथम सांगितले. मग आम्ही दोघांनी पेटीची मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांवर उचलून तळाच्या फटी मोकळ्या केल्या, पलंगावरच्या गादीवरून तिची रवानगी मेजावर केली, आणि चिपच्या कमाल वेगाला थोडा लगाम घातला. उष्णता विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढते, त्यामुळे वेग जरासा उतरला की दाबही उतरतो आणि ताप त्याहून पुष्कळ अधिक उतरतो. पडद्यावरचा आकडा ८६ वर आला. खेळात त्याला फरक जाणवला नाही. पंखे चालूच होते, पण त्यांचा स्वर खाली उतरला होता, आणि खिडकीतल्या कूलरच्या पाण्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला होता.