चित्राविना चित्रकार : आदिलशाही दरबारातील कॉर्नेलिस हेडा

सतराव्या शतकातील विजापूरचा विचार मराठी इतिहासलेखनात प्रामुख्याने राजकीय अंगाने झाला आहे. वतने, मनसबी आणि मोहिमा यांच्या चौकटीत तेथील दरबाराचे बहुभाषिक कलाजीवन दुय्यम ठरले. कॉर्नेलिस क्लासझोन हेडा हा हार्लेमचा चित्रकार या कलाजीवनाचा एक उपेक्षित साक्षीदार होय.

प्रागमध्ये सम्राट दुसरा रूडॉल्फ याच्या आश्रयास असलेला हेडा तेथून इराणच्या शाह अब्बासाकडे निघाला. इराणऐवजी तो पोहोचला गोव्यात. आणि १६१० च्या आसपास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द १५८०-१६२७) सेवेत रुजू झाला. सुलतानासाठी त्याने व्हीनस, बॅकस व क्यूपिड यांचे चित्र रंगविले. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि दरबार व कंपनी यांच्यातील मध्यस्थाचे कामही तो करी. १६२२ मध्ये विजापुरातच त्याचा अंत झाला. निःसंशयपणे त्याचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती पत्रे.

प्रभावाभ्यासाच्या रूढ पद्धतीला हा अभाव अडचणीचा वाटतो. दख्खनी चित्रांत युरोपीय छायाप्रकाश दिसला की त्यामागे 'हेडाचा हात' शोधण्याचा मोह होतो. परंतु गोव्यामार्गे येणारी युरोपीय मुद्राचित्रे दख्खनला अपरिचित नव्हती. एका व्यक्तीवर सारे श्रेय लादणे प्रमाणशास्त्राला धरून होणार नाही.

अधिक फलदायी तुलना जुहूरीशी करता येईल. तोही परदेशस्थ, इराणातून आलेला फारसी कवी. इब्राहिमाच्या 'किताब-ए-नौरस' या दख्खनी गीतसंग्रहास त्याने गद्य प्रस्तावना लिहिली. सरस्वती, गणपती आणि गेसूदराज यांना एकत्र वंदन करणाऱ्या या गीतांच्या आश्रयदात्यास ग्रीक-रोमन देवता परक्या वाटल्या नसाव्यात, असा तर्क करता येतो. जुहूरीचा शब्द हस्तलिखितांच्या प्रतींतून टिकला. चित्राला तशा प्रती नव्हत्या. १५९९ मध्ये वसविलेले नौरसपूर १६२४ मध्ये मलिक अंबरने उद्ध्वस्त केले. उपेक्षा ही गुणवत्तेचीच नव्हे, तर माध्यमाचीही कहाणी असते.

अर्थात हेडाची पत्रेही निर्हेतुक नाहीत. कंपनीला आपली उपयुक्तता पटविणारा मनुष्य त्यांतून बोलतो, जसा जुहूरीच्या स्तुतिगद्यातून आश्रित बोलतो. दोन्ही पुरावे एकाच सावधगिरीने वाचावयास हवेत.

या बहुभाषिकतेचा धागा पुढे बंगळुरापर्यंत येतो. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार म्हणून शहाजीराजे येथे आले. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजींच्या दरबारातील अनेक भाषांतील काव्य आढळते. तो दरबार अकस्मात बहुभाषिक झाला नव्हता. विजापूरची परंपरा त्याच्या पाठीशी होती. म्हणूनच डच पत्रे, फारसी गद्य, दख्खनी गीते आणि मराठी मोडी दफ्तर शेजारी ठेवून वाचणे हे मराठीच्या तौलनिक अभ्यासाचेच काम आहे. हरवलेले चित्र त्याने सापडणार नाही. ते ज्या भिंतीवर टांगले गेले, ती भिंत मात्र दिसू लागेल.