रस्त्याकडेच्या टेटू-पाडळीला संरक्षण कोणाचे?

गावाकडच्या रस्त्यांच्या कडेला वड, चिंच, आंबा यांच्या सोबतीने काही अपरिचित देशी वृक्ष उभे असतात. टेटू आणि पाडळ हे त्यांपैकीच. टेटूच्या तलवारीसारख्या लांब, चपट्या शेंगा झाडावर लोंबताना दिसतात. त्याची मोठी फुले रात्री उमलतात व त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. दोन्ही वृक्ष एकाच कुळातील असून आयुर्वेदातील दशमुळांत त्यांचा समावेश होतो. औषधासाठी मूळ हवे असते, त्यामुळे बेसुमार खणतीत झाडच जाते.

दुतर्फा शेते झाल्यावर अशा झाडांना रस्त्याची कड हाच आसरा उरला. आता रुंदीकरण, बुंध्यापर्यंत येणारे काँक्रीट आणि पालापाचोळा पेटवण्याची सवय यांमुळे तोही धोक्यात आला आहे.

कायद्याचे छत्र येथे अपुरे पडते. राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, आंबा, हिरडा आदी वृक्ष आहेत. टेटू व पाडळ नाहीत. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा मिळाला, पण तो नागरी क्षेत्रासाठीच्या १९७५च्या कायद्यात. खेड्यातील रस्ता त्यातून सुटतो.

तरीही मार्ग आहेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. तीत प्रत्येक दुर्मिळ झाडाचे स्थान नोंदवल्यास रस्त्याची आखणी होण्यापूर्वीच ग्रामसभेला लेखी हरकत घेता येते. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष वाचवण्यासाठी २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी बदलण्यात आली होती. तो वड विशाल होता, म्हणून सर्वांच्या नजरेत भरला. टेटूसारख्या सडपातळ झाडाची बाजू मांडायला आधीची नोंदच लागते.

शेंगा तडकण्यापूर्वी उतरवून पापुद्र्यासारखे पंख असलेले बी गोळा करावे आणि गावातच रोपे तयार करावीत. भरपाई म्हणून मादागास्करचा गुलमोहर किंवा मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प लावल्याने झाडांची संख्या भरून निघते, हरवलेली जात मात्र परत येत नाही.