पाणी, मद्यार्क आणि एक अवघड बेरीज

प्रथम एक साधा प्रश्न विचारतों. पाणी आणि शुद्ध मद्यार्क हे दोन्ही पातळ द्रव. दोन्ही जवळ जवळ सारख्याच सहजतेनें वाहतात. ते समभाग एकत्र केले, तर मिश्रण कसें वाहील? व्यवहारबुद्धि सांगते कीं, दोहोंच्या मध्यें कोठें तरी. निसर्गाचें उत्तर मात्र निराळें आहे. २० अंश सेल्सिअसवर पाण्याची श्यानता, म्हणजे वाहतांना द्रवाच्या थराथरांमध्यें होणारा विरोध, सुमारें १ सेंटिपॉइज भरते, मद्यार्काची १.२, आणि मिश्रणाची जवळ जवळ २.९!

हा चमत्कार ज्यानें प्रथम नीट पाहिला तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता. न्यूटननें १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत द्रवांच्या या अंतर्गत घर्षणाचा विचार मांडला होता. परंतु तें बिनचूक मोजण्याचें काम पॅरिसच्या एका वैद्याच्या वांट्यास आलें. ज्याँ प्वाझेय याचा जन्म १७९७ सालचा. पदवीच्या प्रबंधासाठीं त्यानें धमन्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या नळीनें मोजला होता. पुढें त्याला प्रश्न पडला कीं, केशवाहिन्यांतून रक्त वाहतें तें कोणत्या नियमानें? रक्त शरीराबाहेर काढलें कीं गोठतें. म्हणून त्यानें कांचेच्या अतिसूक्ष्म नळ्या घेतल्या, त्यांतील कांहीं तर केंसाहूनहि बारीक, आणि त्यांतून ऊर्ध्वपातित पाणी दाबाखालीं सोडलें. कांचेच्या फुग्यावर दोन खुणा करावयाच्या, आणि पाण्याची पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येण्यास किती वेळ लागतो तें पाहावयाचें, एवढीच ती युक्ति. नळीचें तोंड कोठें किंचित् लंबगोल आहे काय, हें पाहण्यांतहि त्यानें हयगय केली नाहीं.

१८४० च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रवाह दाबाच्या प्रमाणांत वाढतो, नळीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. आणि व्यासाच्या तो चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. म्हणजे नळीचा व्यास निम्मा झाला कीं, प्रवाह निम्मा नव्हे, सोळाव्या हिश्श्यावर येतो. हागेन नांवाच्या जर्मन इंजिनिअरानें १८३९ सालीं पितळेच्या नळ्यांवर प्रयोग करून स्वतंत्रपणें हाच नियम काढला होता. दोघांचींहि नांवें आज त्या नियमाला जोडलेलीं आहेत. परंतु श्यानतेच्या एककाला ‘पॉइज’ हें नांव मिळालें तें मात्र वैद्यबुवांवरून.

याच नळ्यांतून प्वाझेयनें मद्यार्क आणि पाणी यांचीं मिश्रणें सोडलीं, आणि तेथें त्याला तें शिखर दिसलें. पाणी मिसळीत गेलें तसें मिश्रण अधिकाधिक मंद होत गेलें, एका प्रमाणाशीं सर्वांत मंद झालें, आणि मग पुनः सैल होऊं लागलें. लंडनच्या थॉमस ग्रॅहमनें १८६१ सालीं हा धागा उचलला. तो त्या वेळीं टांकसाळीचा प्रमुख होता. ज्या पदावर पूर्वीं न्यूटन होता, तेंच हें पद! अनेक अम्लांचीं जलमिश्रणें पाहून त्यानें असा तर्क केला कीं, हें शिखर म्हणजे द्रव आणि पाणी यांच्या निश्चित संयुगाची खूणच होय. मद्यार्काच्या एका रेणूस पाण्याचे तीन, असा हिशेब बसत होता. तर्क मोठा मोहक होता. पण तो टिकला नाहीं. तापमान वाढविलें कीं शिखर मद्यार्काच्या बाजूस सरकतें, आणि निश्चित संयुगाचें प्रमाण तर असें सरकत नाहीं. मद्यार्क आणि पाणी यांचे रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या दुव्यांनीं जखडून धरतात, हें तत्त्व मात्र खरें आहे.

मग मिश्रणाची श्यानता आधींच सांगतां येईल काय? १८८७ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनियसनें एक सूत्र दिलें: श्यानतांची नव्हे, त्यांच्या लॉगॅरिथमांची प्रमाणशीर सरासरी काढावी. अमेरिकेंतील बिंगहॅम म्हणे, श्यानतेऐवजीं तिचा व्यस्तांक, म्हणजे प्रवाहिता, बेरजेला घ्यावी. एका द्रवाची श्यानता १ व दुसऱ्याची १०० धरून समभाग मिश्रण करूं. साधी सरासरी म्हणते ५०, अऱ्हेनियस म्हणतो १०, बिंगहॅम म्हणतो २! त्यांत पुनः भाग मोजावयाचे ते वजनानें, आकारमानानें कीं रेणूंच्या संख्येनें, हा तंटा निराळाच. सारख्या जातीच्या तेलांना यांपैकीं एखादें सूत्र बरें लागू पडतें. पण १ आणि १.२ यांची सरासरी कोणत्याहि रीतीनें काढली, तरी ती २.९ होणार नाहीं, हें शाळेंतील मुलगाहि सांगेल.

१९४९ सालीं ग्रुनबर्ग व निसान यांनीं अऱ्हेनियसच्या सूत्रांत दोन द्रवांच्या परस्परसंबंधाचा एक जादा अंक घातला. मित्रभाव असेल तर अंक धन, नसेल तर ऋण. सूत्र उपयोगी ठरलें खरें; मात्र तो अंक मिळवावयाचा म्हणजे तें मिश्रणच एकदां मोजून पाहावें लागतें. ज्याचें भाकित करावयाचें तेंच आधीं मोजावयाचें, असा हा प्रकार! पुढें रेणूंच्या घटकगटांवरून असे अंक काढण्याच्या रीति निघाल्या, गणकयंत्रें आलीं. तरी पाण्याचें मिश्रण म्हटलें कीं जाणता माणूस अजूनहि सावध होतो.

म्हणूनच मोजण्याचें महत्त्व. ओस्टवाल्डची इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी कांचेची नळी हें त्याचें जुनें साधन. तींत आधीं पाणी, मग मिश्रण सोडून दोहोंचा वेळ ताडून पाहतात, व दोहोंच्या घनतांचा भेद हिशेबांत धरतात. तापमान मात्र काटेकोर सांभाळावें लागतें, कारण एका अंशाच्या फरकानें पाण्याची श्यानता शेंकडा दोनांहून अधिक बदलते. आणि ज्या पाण्याशीं तुलना करावयाची, त्याचाच अंक पक्का हवा. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें १९५२ सालीं जाहीर केला: २० अंशांवर १.००२ सेंटिपॉइज. तोहि केशनळींतून पाणी सोडूनच काढलेला होता.