मोझरीचा समुद्र

गुरुकुंज मोझरीपासून मुंबईचा समुद्र सुमारे सातशे किलोमीटर. एखाद्या लाटेला इथवर यायचंच झालं, तर आधी रिझर्वेशन करावं लागेल. तरीही मला तैलरंगात शिकायचा होता तो समुद्रच. तोही साधासुधा नव्हे. काळे ढग, फुटणाऱ्या लाटा, बुडू पाहणारं गलबत, असा रोमँटिक! हा शब्द ऐकताच घरात भुवया वर गेल्या. या चित्रांत झाडामागे पळणारं जोडपं नसतं, त्या युरोपियन मंडळींचं प्रेम वादळावर आणि धुक्यावर होतं, हे पटवण्यात पहिला आठवडा गेला.

आमचे गुरुजी निवृत्त ड्रॉईंग मास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जवसाची चटणी खाता ना? मग अर्धं तैलचित्र पोटात आहेच." खरंच की! तैलरंगातलं तेल मुख्यतः जवसाचं. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि इकडचा शेतमाल मुंबई बंदराच्या वाटेला लागला. इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ सालीच वारला, त्यामुळे त्याच्या समुद्रात आमचं जवस असल्याचा दावा मात्र करता येत नाही. वाईट वाटतं.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ते सावकाश घट्ट होतं. एकेका थराला कित्येक दिवस लागतात. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचा तेलकट, हा नियम. उलट झालं की वरचा थर आधी वाळतो आणि चित्राला भेगा पडतात, उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला पडतात तशा. म्हणून आधी आभाळ, मग लांबचं पाणी, आणि फेसाचा जाड पांढरा रंग अगदी शेवटी.

तो फेस पाहायला शेजारचे काकाजी आले. वय पंच्याहत्तर, जन्म कपाशीत गेलेला. "काऊन बापू, वावर काढलं काय? कापूस तं मस्त फुटला!" मी मुळीच खट्टू झालो नाही. टर्नरने १८४२ साली बर्फाच्या वादळातली आगबोट रंगवली, तेव्हा टीकाकारांना त्यात साबणाचा फेस दिसला होता. त्या मानाने कापसाला भाव तरी आहे. म्हणजे, असायला हवा.

प्रश्न एवढाच, की समुद्र समोर नसताना तो रंगवायचा कसा? गुरुजींनी कास्पार डेव्हिड फ्रिडरिखचं नाव घेतलं. हा जर्मन चित्रकार १७७४ साली बाल्टिक किनाऱ्यावर जन्मला खरा, पण राहिला समुद्रापासून दूर, ड्रेस्डेन शहरात. तिथल्याच खोलीत बसून त्याने १८०८ ते १८१० या काळात समुद्राकाठी एकटा उभा असलेला भिक्षू रंगवला. उत्तर ध्रुव तर त्याने पाहिलाच नव्हता. ड्रेस्डेनच्या एल्बे नदीत तरंगणारे बर्फाचे तुकडे निरखले आणि त्यावरून १८२३-२४ मध्ये गलबत चिरडणारा बर्फाचा समुद्र उभा केला. "त्याला एल्बे, तर आपल्याला मोर्शीचं धरण," गुरुजी म्हणाले. अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयाचं नावच मुळी नल-दमयंती सागर! पावसाळ्यात, वारा सुटलेला असताना तिथे जाऊन मी लाटा पाहून आलो. खारेपणा तेवढा मनाने घातला.

फ्रिडरिखची माणसं बहुधा आपल्याकडे पाठ करून उभी असतात, म्हणजे आपणही त्यांच्या मागे उभे राहून तेच बघू लागतो. माझ्या किनाऱ्यावरही मी एक माणूस पाठमोरा उभा केला. धोतर, टोपी, हातात काठी. काकाजींनी स्वतःला लगेच ओळखलं.

"माह्यं तोंड काऊन नाई काढलं?"

"काकाजी, तुम्ही समुद्राकडे बघताय ना."

काकाजींनी आयुष्यात कधी समुद्र पाहिलेला नाही. ते बराच वेळ चित्रासमोर गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "मंग राहू दे तसंच. पाहू दे मले."