बोटांनीं शिकलेली बेरीज
(अंध बालकांच्या अंकगणिताची हकीकत)



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीचा वृत्तांत येतो, पूर्वीच्या फादरांच्या कष्टांच्या आठवणी येतात, आणि तें सर्वथा योग्यच आहे. प्रस्तुत लेखकास मात्र आपल्या शेंद्र्याच्या वाचकांपुढें एक निराळीच हकीकत मांडावयाची आहे. ज्या मुलांस फळ्यावरचा आंकडा दिसत नाहीं त्यांस बेरीज-वजाबाकी कशी शिकविली गेली, व तें काम कोणीं हातीं घेतलें, हा तिचा विषय.

हा विषय शेंद्र्यास परका वाटण्याचें कारण नाहीं. जालना रस्त्यावरचें हें गांव एके काळीं भोंवतालच्या मुलुखास मुख्यतः मांगीरबाबाच्या जत्रेमुळें ठाऊक होतें. पुढें येथें औद्योगिक वसाहत झाली, आणि २०१९ सालीं ऑरिक नगरीचें उद्घाटन झालें. आज येथील घरोघरीं पगार, ओव्हरटाइम, कर्जाचा हप्ता ह्यांचा हिशेब चालतो. ज्यास हिशेब येत नाहीं त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसावें लागतें. अंधास तर तेंहि शक्य नाहीं.

आपल्या जुन्या मराठी शाळेकडे प्रथम वळूं. पंतोजींच्या शाळेंत गणित हें बव्हंशीं कानाचें व तोंडाचें शास्त्र होतें. तीसपर्यंतचे पाढे, नंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हें सारें सुरावर घोकून घेत, आणि तिन्हीसांजेला घरीं परवचा होई. रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे असल्यामुळें ही पाठांतराची शिदोरी बाजारांत रोज उपयोगीं पडे. निजामी अमलांतील आपल्या भागांत तर हाली व कलदार अशीं दोन नाणीं चालत, म्हणून हिशेबनिसाला आणखी एक गुणाकार करावा लागे. लिहिण्यासाठीं धुळपाटी होती. फळीवर धूळ पसरून तींत आंकडा काढीत, आणि असा आंकडा बोटाला थोडाबहुत कळतोहि. म्हणजे अंध मुलास उपयोगी पडेल असें पुष्कळ कांहीं आपल्या शाळेंत होतें. नव्हता तो एवढाच विचार, कीं अंध मूलहि शिकावयास बसूं शकतें.

हा विचार युरोपांत आधीं रुजला. निकोलस साँडरसन ह्या इंग्रज गृहस्थाची दृष्टि वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास देवीच्या रोगानें गेली. तरी १७११ सालीं तो केंब्रिज विद्यापीठांत, ज्या आसनावर पूर्वीं न्यूटन होता त्याच आसनावर, गणिताचा प्राध्यापक झाला. त्यानें स्वतःपुरती एक फळी केली होती. प्रत्येक चौकोनांत नऊ भोंकें असत, व त्यांत मोठ्या आणि लहान डोक्याच्या टांचण्या निरनिराळ्या जागीं खोंचून तो आंकडे मांडी. पण ही एका बुद्धिमान माणसाची सोय झाली, तिच्यानें शाळा भरत नाहीं.

शाळेचें काम लुई ब्रेलच्या हातून झालें. हा आपल्याच पंथाचा भाविक मनुष्य पॅरिसच्या मंदिरांत ऑर्गन वाजवीत असे. बापाच्या खोगिरांच्या कारखान्यांत झालेल्या अपघातानें तो लहानपणींच अंध झाला होता. त्याच्या सहा ठिपक्यांच्या लिपीचें पुस्तक १८२९ सालीं निघालें, हें सर्वांस ठाऊक असतें. तो अंधशाळेंत शिक्षक होता व १८३८ सालीं त्यानें नवशिक्यांसाठीं अंकगणिताचें एक छोटें पुस्तकहि रचलें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं.

ब्रेल लिपींत अंकांना स्वतंत्र आकार नाहींत. अगोदर एक अंकचिन्ह द्यावयाचें, व त्यानंतर आलेलें अक्षर अंक म्हणून वाचावयाचें. मराठी ब्रेलमध्यें ह्या रीतीनें अ म्हणजे १, ब म्हणजे २, च म्हणजे ३ आणि द म्हणजे ४ होतो. ऐकावयास हें सोपें आहे. बोटाखालीं तितकें सोपें नाहीं. ४, ६, ८ आणि ० हे चारहि अंक तीन-तीन ठिपक्यांचे. चार ठिपक्यांच्या चौकोनांतून दर वेळीं निराळा कोपरा गाळला कीं निराळा अंक होतो. त्यांत आणखी एक अडचण अशी, कीं पाटीवर टोंचणीनें ब्रेल लिहितांना कागदाच्या पाठीमागून, उजवीकडून डावीकडे लिहावें लागतें. त्यामुळें वाचतांना जो ४ असतो तो लिहितांना ६ च्या आकाराचा भासतो, आणि ५ चा ९ होतो. सहा-सात वर्षांच्या बालकाकडून ह्यांत चूक झाली तर त्यास मंदबुद्धि ठरविणें हा केवळ अन्याय होय.

शिवाय उभी बेरीज करावयाची तर आंकडे एकाखालीं एक पाहावे लागतात, हातचा लक्षांत ठेवावा लागतो. टोंचणीनें लिहिलेला कागद प्रत्येक वेळीं काढून, उलटून, चांचपून पुन्हां बसविणें मोठ्यांच्याहि धीराबाहेरचें आहे. ही अडचण इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या अंधशाळेचे अधीक्षक पाद्री विल्यम टेलर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सोडविली. त्यांच्या पाटीवर आठ कोनांच्या भोंकांच्या रांगा असतात आणि त्यांत बसणारे धातूचे लहान चौकोनी खिळे असतात. खिळ्याच्या एका टोंकाला एका कडेस उंचवटा, दुसऱ्या टोंकाला दोन बारीक टोंकें. खिळा आठ दिशांनीं फिरवून बसवितां येतो. उंचवट्याच्या बाजूनें १ ते ८ झाले. उलटा केला कीं ९, ० व बेरीज-वजाबाकीचीं चिन्हें. दोन्ही बाजू मिळून सोळा खुणा एकाच खिळ्यांतून निघतात! चुकलें तर खिळा उपटून पुन्हां बसवावा, खोडरबराचें कामच नाहीं. आपल्या देशांतील अंधशाळांमधून ही टेलर पाटी पिढ्यान्‌पिढ्या वापरांत आहे. तिच्यावर मुलें काम करूं लागलीं कीं वर्गांत जो खडखडाट होतो, तो प्रस्तुत लेखकाच्या कानांस तरी गोड वाटतो.

हिंदुस्थानांतील पहिली अंधशाळा मिस अ‍ॅनी शार्प ह्यांनीं १८८७ सालीं अमृतसरास काढली, व ती १९०३ सालीं डेहराडूनजवळ राजपूर येथें गेली. महाराष्ट्राची कथा दुष्काळापासून सुरू होते. १८९९-१९०० च्या घोर दुष्काळांत असंख्य मुलें निराधार झालीं, आणि त्यांत अंध मुलेंहि होतीं. १९०० सालीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड ह्यांनीं अशा मुलांसाठीं शाळा उघडली. दादरची अंधशाळा ती हीच. ह्या बाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. तथापि ज्यानें पहिला दिवा लावला त्याचें नांव घेण्यास पंथ आड येऊं नये. १९०२ सालीं मुंबईंतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली, व १९३४ सालीं पुण्यास अंधशाळा झाली. तेव्हां प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत; देशासाठीं एकच भारती ब्रेल १९५१ सालीं ठरली. पुढच्याच वर्षीं मुंबईंत राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली. अमेरिकेंत टिम क्रॅनमर ह्यांनीं १९६२ सालीं मण्यांची चौकट अंधांसाठीं सुधारली. तेरा दांड्या, व मण्यांच्या मागें लोकरी कापड, म्हणजे हात लागून मणी घसरत नाहींत. तीहि आपल्याकडे आली.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. वृद्ध मंडळींस नव्या पैशानें पुष्कळ त्रास झाला; अंधांस मात्र थोडा लाभ झाला. दोन पैशांचें नाणें नागमोडी कडेचें, पांचांचें चौकोनी, म्हणजे चांचपून ओळखतां येण्याजोगें होतें.

मराठी भाषेनें मात्र एक गांठ ठेविली आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतों तेव्हां पांच आधीं उच्चारतों व वीस मागून. लिहितांना २ आधीं येतो. डोळस मूल दोन्ही अंक एकदम पाहतें. अंध मुलाच्या बोटाखालून ते एकामागून एक जातात, म्हणून कान एक सांगतो व बोट दुसरेंच. आणि ‘एकोणचाळीस’ ह्या शब्दांत तर ना तीन ऐकूं येतो ना नऊ! २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस पांच’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उडाला! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्यांची पुष्कळ थट्टा झाली. त्या वादांत अंध बालकाची बाजू फारशी मांडली गेली नाहीं. आमच्या मतें दोन्ही रीती त्यास शिकवाव्या. पहिली समजण्यासाठीं, दुसरी बाजारासाठीं.

खरी चिंता वेगळीच आहे. अनेक परीक्षामंडळांनीं दृष्टिहीन विद्यार्थ्यांस गणिताऐवजीं दुसरा विषय घेण्याची सवलत दिली आहे. देणारांचा हेतु दयेचा होता. परंतु पुढें सुटणारच आहे म्हणून पहिलीपासूनच शिकविण्याचें टाळावें, असा ह्या दयेचा परिणाम होऊं लागतो. त्या मुलास मग मोबाईलवर नोट ओळखून घेतां येते, कारण रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं त्यासाठीं ‘मनी’ नांवाचें अ‍ॅप काढलें आहे. दुकानदारानें परत केलेली मोड बरोबर आहे कीं नाहीं, हें त्याचें त्यालाच काढावें लागतें.

२०१६ च्या कायद्यानें सहा ते अठरा वर्षांच्या अंध मुलास जवळच्या शाळेंत अथवा विशेष शाळेंत, त्याच्या पसंतीप्रमाणें, विनामूल्य शिकण्याचा हक्क मिळाला आहे. आपल्या ओळखींत असें मूल असल्यास आईबापांस हें अवश्य सांगावें. टेलर पाटी हातीं येईपर्यंत कड असलेलें ताट व मूठभर चिंचोके पुरे होतात. ताटाच्या कडेमुळें चिंचोका घरंगळून हरवत नाहीं. डाव्या हातानें मोजलेले व उजव्या हातानें मोजावयाचे, असे दोन ढीग वेगळे ठेवावयास प्रथम शिकवावें. अंड्यांच्या ट्रेचे सहा खण कापून घेतले, तर त्यांतच ब्रेलचे सहा ठिपकेहि मांडून दाखवितां येतात.