दुसरी संधी : अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या इतिहासातून काही बोध



प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की आपल्या नया नगरात अनेक घरांतून एकाच प्रश्नाचा खल सुरू होतो. मुलगा बारावी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला, पण अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत मनासारखा क्रमांक लागला नाही. आता मिळेल त्या कॉलेजात नाव घालावे, की वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी? वडील म्हणतात, वर्ष फुकट जाईल. आई म्हणते, पोराने मेहनत केली आहे, एक संधी द्या. आणि उमेदवार मुलगी असेल, तर पुष्कळ घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही.

हा प्रश्न लहान नाही. क्लासची फी एकीकडे आणि मुलगा हाताशी आला असता तर घरात आला असता तो पैसा दुसरीकडे, असा दुहेरी भार सामान्य कुटुंबावर पडतो. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिठागरांच्या शेजारी उभी राहू लागलेली ही वस्ती मुंबईच्या दाटीवाटीच्या खोल्या सोडून आलेल्या कुटुंबांनी वसवली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर तर कित्येकांनी सर्व काही मागे टाकून येथे संसार नव्याने मांडला. दुसऱ्यांदा आरंभ करणे म्हणजे काय, हे येथील वडीलधाऱ्यांना कोणी शिकवायला नको. मुलांच्या परीक्षेच्या बाबतीत मात्र निर्णय भीतीपोटी किंवा हट्टापोटी न घेता माहितीच्या आधारे घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेख.

मॅट्रिकचा जमाना

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेतील यशस्वी विद्यार्थी. पुढे कित्येक पिढ्या 'मॅट्रिक नापास' हा शिक्का आपल्याकडे प्रचारात राहिला. परंतु अपयश आलेल्याला पुन्हा बसण्याची मुभा होती आणि तिचा लाभ घेणारे पुष्कळ होते. खुद्द लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, परीक्षा मागे पडली, आणि पुढे त्यांनीच गणित घेऊन बी. ए. पहिल्या वर्गात मिळवली.

आपल्या समाजातील उदाहरण पाहावयाचे तर बद्रुद्दीन तय्यबजींचे पाहा. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांना शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले. तेथे ते कायद्याच्या अभ्यासाला लागले, परंतु डोळ्यांच्या विकाराने उचल खाल्ली आणि १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. समुद्रपार गेलेला मुलगा पदवीवाचून परत आला, एवढ्यावरच ही कहाणी संपू शकली असती. पण १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा वाटा मोठा होता, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती. मध्ये गेलेल्या त्या एका वर्षाचा हिशेब पुढे कोणी मागितला नाही.

मात्र त्या काळच्या परीक्षेत आणि आजच्या प्रवेश परीक्षेत एक मोठा फरक आहे. मॅट्रिकचा झगडा ठरावीक किमान गुणांशी होता. तेवढे गुण मिळाले की काम झाले. प्रवेश परीक्षेत झगडा इतर उमेदवारांशी असतो, कारण जागा मोजक्या असतात. म्हणून 'गेल्या वर्षापेक्षा थोडे अधिक' एवढ्याने भागत नाही, कारण दरवर्षी तुमच्याबरोबर नवे उमेदवारही उभे असतात.

प्रवेश परीक्षा कशी आली

आपल्या प्रांतात अभियांत्रिकीचे शिक्षण जुने आहे. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा वर्ग निघाला, तेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय सुरू झाली. अंजुमनच्या साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्थेचा आरंभ १९३६ सालचा, तिचे पॉलिटेक्निक १९५८ चे आणि अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चे. दीर्घकाळ राज्यातील प्रवेश आधीच्या परीक्षेतील गुणांवर होत. पूर्वी ती इंटर सायन्सची परीक्षा होती, आणि नव्या पद्धतीची बारावी सुरू झाल्यावर बारावीची. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालये निघाली, जागा वाढल्या. नामांकित महाविद्यालयांतील जागांची चुरस मात्र कमी झाली नाही.

आय.आय.टी.साठी वेगळी संयुक्त प्रवेश परीक्षा १९६१ पासून घेतली जाऊ लागली. पवईची आय.आय.टी. त्या आधी तीन वर्षे, १९५८ साली, सुरू झाली होती. उमेदवारांची संख्या वाढत गेली तशी २००० साली ही परीक्षा दोन टप्प्यांची करण्यात आली. २००५ साली जाहीर झालेल्या सुधारणांनी ती पुन्हा एकाच टप्प्याची व वस्तुनिष्ठ प्रश्नांची झाली, आणि याच सुधारणांनी प्रयत्नांची संख्या दोनवर आणली. वर्षानुवर्षे त्याच परीक्षेत अडकून पडणाऱ्या मुलांना आवर घालावा, असा त्यामागचा विचार होता. २०१३ पासून जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड अशी रचना आली. २०१९ पासून जेईई मेन वर्षातून एकाहून अधिक वेळा होऊ लागली आणि उमेदवाराचा त्यातील सर्वोत्तम निकाल धरला जाऊ लागला.

नोव्हेंबर २०२४ मधील एक घटना पालकांनी विसरू नये. त्या महिन्याच्या ५ तारखेला जेईई ॲडव्हान्स्डसाठी तीन प्रयत्न मिळतील असे जाहीर झाले आणि १८ तारखेला ते पुन्हा दोनवर आणले गेले. मधल्या तेरा दिवसांत तिसऱ्या संधीच्या भरवशावर काही मुलांनी घेतलेला प्रवेश सोडून दिला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या मुलांपुरती मुभा मिळाली. बोध उघड आहे. दुसरी संधी नियमांनी बांधलेली असते आणि नियम बदलतात. थांबण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळी काय होते, यावर विसंबू नका.

राज्याच्या सीईटीचा प्रवासही असाच वळणांचा आहे. २०१४ व २०१५ या दोन वर्षी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशांसाठी जेईई मेनचे गुण धरण्यात आले आणि २०१६ पासून सीईटी परत आली. २०२६ च्या प्रवेशांपासून ही परीक्षा वर्षातून दोनदा घ्यावी आणि त्यातील चांगला निकाल धरावा, असे शासनाने जाहीर केले. म्हणजे आपल्या मुलाची दुसरी संधी कधी कधी वर्षभर न थांबताही मिळू शकते.

गुण नेमके कोठे वाढतात

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी. दुसऱ्या वर्षी तेच क्लास, तीच पुस्तके, तोच क्रम पुन्हा गिरवला तर निकालही बहुधा तसाच येतो. गुण वाढतात ते मागच्या वर्षाच्या चुका शोधल्याने. हे नुसते उपदेशाचे बोल नाहीत, साधे गणित आहे.

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या पर्यायाला १ गुण वजा होतो. समजा, तुम्ही ५० प्रश्न सोडवले, ३५ बरोबर आले, १५ चुकले. तुमचे गुण झाले १४० वजा १५, म्हणजे १२५. आता एखादा सोडून दिलेला प्रश्न नव्याने शिकून सोडवलात तर ४ गुण वाढतील. पण चुकलेल्या १५ पैकी एक बरोबर आणलात तर ४ मिळतील आणि गेलेला १ परत येईल, म्हणजे लाभ ५ गुणांचा. असे ८ प्रश्न दुरुस्त केलेत तर १२५ चे १६५ होतात, आणि त्यासाठी नवा धडा शिकावा लागेलच असे नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात मागच्या परीक्षेची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची समोर घेऊन बसा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. विषय मुळात समजलाच नव्हता, येत होते पण आकडेमोड किंवा चिन्ह चुकले, की वेळ पुरला नाही? पहिल्या प्रकाराला शिक्षक हवा, दुसऱ्याला रोजचा लेखी सराव, तिसऱ्याला घड्याळ लावून सोडवलेल्या पूर्ण प्रश्नपत्रिका. औषध वेगवेगळे आहे, आणि रोग न ओळखता घेतलेले औषध लागू पडत नाही.

सीईटीचा हिशेब निराळा आहे. तेथे चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवणे शहाणपणाचे नाही. तेथे गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण असतात, भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रश्नांना प्रत्येकी १. निम्मे गुण एकट्या गणितात आहेत, हे वेळापत्रक आखताना विसरू नका. अकरावीच्या अभ्यासक्रमावरही सुमारे २० टक्के प्रश्न असतात. तो भाग पुष्कळ मुले 'मागचे वर्ष' म्हणून सोडून देतात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांनीही समजून घ्यावे. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर १०० उमेदवारांपैकी ९० जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. वर जाऊ तशी गर्दी अटीतटीची होते, तेथे चार-पाच गुणांनीही क्रमांक बराच हलतो.

भाषेची अडचण असणाऱ्यांना सांगावेसे वाटते की २०२१ पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठी आणि उर्दूतही मिळू लागली. उर्दू माध्यमाच्या मुलांनी अर्ज भरतानाच याचा विचार करावा.

एकट्याने अभ्यास करणाऱ्यांनी रहमानी-३० चे उदाहरण पाहावे. मौलाना वली रहमानी यांनी २००८ साली पाटण्यात हा उपक्रम सुरू केला. निवडक मुले एकत्र राहून, एकमेकांना प्रश्न समजावून देत आय.आय.टी.ची तयारी करतात, अशी त्याची रीत. दुसऱ्याला समजावताना आपल्याला कोठे अडते ते लगेच कळते. आपल्या वस्तीत चार मुलांनी किंवा चार मुलींनी रोज दोन तास एकत्र बसायला मोठ्या इमारतीची गरज नाही. मीरा रोडहून लोकलने दूरच्या क्लासला जाण्यायेण्यात रोज जो वेळ जातो, तोही त्यांच्या हाती राहील.

पालकांनी काय ठरवावे

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले की देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे मुस्लिम विद्यार्थी केवळ १ होता. हा आकडा बदलावयाचा तर पहिल्या अपयशानंतर मागे फिरणारी मुले आपण थांबवली पाहिजेत. पण याचा अर्थ प्रत्येकाने वर्ष थांबावे असा नव्हे.

मुलाला चुकांची कारणे सांगता येत असतील, ती दुरुस्त होण्याजोगी असतील आणि थांबण्याची इच्छा त्याची स्वतःची असेल, तर वर्ष द्या आणि त्या वर्षात टोमणे देऊ नका. कारणेच सांगता येत नसतील, किंवा आपलीच हौस पुरी व्हावी म्हणून तो थांबत असेल, तर मिळालेला प्रवेश घ्यावा हेच बरे. अभियांत्रिकीला आणखीही वाट आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या वाटेने जाणारा विद्यार्थी कोणापेक्षा कमी नाही.

आणि हाच न्याय मुलीलाही लावा. तिच्या चुका दुरुस्त होण्याजोग्या असतील तर तिचेही वर्ष तितकेच मोलाचे आहे. 'तिचे वय वाढेल' हे कारण गुणपत्रिकेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

या वर्षी निकाल लागेल तेव्हा 'किती गुण पडले' एवढे विचारून थांबू नका. मुलाजवळ बसा, प्रश्नपत्रिका उघडा आणि 'कोणते प्रश्न चुकले, आणि का' असे विचारा. पुढचे वर्ष द्यावे की नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा तेथेच मिळून जाईल.